समुद्रावर लागू, जमिनीवर नाही

२३ मार्च २०२४ रोजी ‘आयएनएस कोलकाता’ ही युद्धनौका ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईत आली आणि नौदलाने त्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. आठवडाभर आधी, भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर, ‘एमव्ही रुएन’ या मालवाहू जहाजावरच्या कारवाईत हे चाचे शरण आले होते. जहाजावर निशाण माल्टाचे होते, सुटका झालेले सतरा खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे, तर आरोपी सोमालियाचे. जहाजाच्या मूळ अपहरणाशी भारताची भूमी, भारताचे निशाण किंवा भारतीय खलाशी यांचा काडीचा संबंध नव्हता. तरीही मुंबईच्या न्यायालयाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. चाचा हा सगळ्या जगाचा शत्रू, तो ज्याच्या हाती लागेल त्याने त्याला न्यायासनासमोर उभे करावे, हे तत्त्व शतकानुशतके मान्य आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने ते आपल्याकडे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले आहे.

आता हेच तत्त्व किनाऱ्यावरून आत, विदर्भात आणून पाहू. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवर हिंगणी आहे. समजा, एखाद्या देशातल्या छळछावणीचा माजी प्रमुख व्यवसायाच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने रीतसर भारतात आला आणि हिंगणीत घर घेऊन राहू लागला. परदेशी माणूस म्हणून त्याची नोंद पोलिसांकडे जाईल, व्हिसाच्या तारखा तपासल्या जातील. काही वर्षांनी त्याच छावणीतून वाचलेल्या कोणी त्याला ओळखले आणि सेलूचे पोलीस ठाणे गाठले, तर ठाणेदार काय करतील? व्हिसाची मुदत उलटली असेल किंवा कागद खोटे असतील, तर गुन्हा त्याच दिवशी दाखल होईल. मायदेशी शेकडो कैद्यांना हालहाल करून मारल्याबद्दल मात्र कोणते कलम लावायचे, हा प्रश्न सेलूहून वर्ध्याला, वर्ध्याहून मुंबईला आणि मुंबईहून दिल्लीला जाईल आणि बहुधा उत्तराविनाच परत येईल. मुद्दामच एक साधे गाव घेतले. परदेशातून आलेला माणूस राजधानीतच राहतो असे नाही, आणि कायदा आहे की नाही हे अखेर कळते ते तालुक्याच्या ठाण्यातच. भारतात वास्तव्याला आलेल्या माणसाने इथे येण्यापूर्वी परदेशात केलेल्या वंशसंहाराचा, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा, युद्धगुन्ह्याचा किंवा छळाचा खटला भारतीय न्यायालयात चालवता आला पाहिजे आणि त्यासाठी संसदेने नेमका, आटोपशीर कायदा लवकर करावा, असे माझे म्हणणे आहे.

आजची अडचण कुठे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या एका निकालातून नीट कळते. मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाची एक शाखा फाळणीपूर्वी मुलतान जिल्ह्यातल्या मैलसी या गावी होती. तिथल्या एका पेढीने कापूस तारण ठेवून बँकेकडून कर्ज उचलले होते. फाळणीच्या धामधुमीत बँकेची माणसे गाव सोडून निघाली. जानेवारी १९४८ मध्ये बँकेचा अधिकारी परत जाऊन पाहतो, तर गोदामातून तारणाच्या ८०१ गाठी नाहीशा झालेल्या. पेढीच्या मालकाने त्या नोव्हेंबर १९४७ मध्ये परस्पर विकल्या, असा बँकेचा आरोप होता. तोवर हा मालक सीमा ओलांडून गुडगाव जिल्ह्यातल्या होडल इथे येऊन राहिला होता. पूर्व पंजाब सरकारने खटल्याला मंजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ‘सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध राम नारायण’ या प्रकरणात निवाडा दिला की, कथित गुन्हा घडला त्या घटकेला आरोपी पाकिस्तानात होता आणि भारताचा नागरिक नव्हता. नंतर तो भारताचा नागरिक झाला म्हणून आधीच्या कृत्याबद्दल भारतीय न्यायालय त्याला जाब विचारू शकत नाही. दंडविधान बदलून भारतीय न्याय संहिता आली, १ जुलै २०२४ पासून ती लागूही झाली. पण परदेशातल्या गुन्ह्यांबाबतचे तिचे कलम मुख्यतः भारतीय नागरिकांपुरते, भारतात नोंदलेल्या जहाज-विमानांपुरते आणि भारतातील संगणकांवरच्या हल्ल्यांपुरते आहे. राम नारायण प्रकरणातली चौकट तशीच उभी आहे.

कापसाच्या गाठींसाठी हा नियम वाजवी आहे. परदेशातल्या प्रत्येक चोरीचा आणि फसवणुकीचा हिशेब आपली न्यायालये मागू लागली, तर ना त्यांना काम उरकेल, ना शेजाऱ्यांशी संबंध टिकतील. पण जो नियम चोरीला बसतो तोच कत्तलीला लावला की त्याचे रूप पालटते. फाळणीत दोन्ही बाजूंना असंख्य माणसे मारली गेली आणि मारणाऱ्यांपैकी किती तरी जण नव्या सीमेपलीकडे जाऊन नव्या देशाचे नागरिक झाले. ज्या देशात गुन्हा घडला तिथे आरोपी नाही आणि जिथे आरोपी आहे तिथे अधिकारक्षेत्र नाही, अशा पोकळीत ते उरलेले आयुष्य जगले. पुढे भारताने वंशसंहारविरोधी करारावर स्वाक्षरी केली आणि १९५९ मध्ये त्याला मान्यताही दिली. मात्र वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आपल्या दंडविधानात आला नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी झाली, त्याला मान्यता अजून मिळालेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले छळप्रतिबंधक विधेयक पुढे बारगळले. २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा शिफारस केली, तीही कागदावरच आहे. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारासंबंधीच्या सज्जन कुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट म्हटले की, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशी कायद्यात नाहीत आणि ही त्रुटी तातडीने दूर करायला हवी. त्यानंतर संपूर्ण दंडसंहिता नव्याने लिहिली गेली, त्रुटी तशीच राहिली.

एक अपवाद आहे आणि तो बोलका आहे. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार करारांचा गंभीर भंग कोणीही, भारतात किंवा भारताबाहेर, केला तर तो शिक्षेस पात्र आहे. कायद्याचे चौथे कलम तर म्हणते की, असा माणूस भारतात ज्या ठिकाणी सापडेल, तिथेच गुन्हा घडला असे समजून त्याच्यावर कारवाई करता येईल. म्हणजे तो हिंगणीत सापडला तर वर्ध्याच्या सत्र न्यायालयात खटला उभा राहू शकतो. नागरिकत्व कोणते, गुन्हा कुठला, बळी कोण, यातले काहीच आड येत नाही. साठ वर्षांपूर्वी संसदेला जे तत्त्व पटले होते, तेच आज परकी खूळ म्हणून नाकारण्यात अर्थ नाही. पण या कायद्याची झेप तोकडी आहे. ‘गंभीर भंग’ ही संज्ञा दोन देशांमधल्या युद्धाला लागू पडते. रवांडातला वंशसंहार किंवा सीरियाच्या तुरुंगांतला छळ तिच्या बाहेर राहतो. दुसरे म्हणजे, सतराव्या कलमाप्रमाणे सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद केल्याखेरीज न्यायालयाला दखलच घेता येत नाही. गोव्यातल्या फादर मोंतेरो यांच्या प्रकरणात १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी हे उलगडून सांगितले. हा कायदा व्यक्तीच्या हाती थेट दाद मागण्याचा हक्क देत नाही, भंग करणाऱ्याला शिक्षेची तरतूद करून तो अप्रत्यक्ष संरक्षण देतो. शिक्षेची ती किल्ली फक्त सरकारकडे आहे.

किल्ली एकट्या सरकारकडे असली की काय होते, याचा धडा १९७१ च्या युद्धानंतर मिळाला. भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी होते. त्यांतल्या १९५ जणांवर युद्धगुन्हे आणि वंशसंहाराबद्दल खटले चालवायचे असे बांगलादेशाने ठरवले होते. पाकिस्तान त्याविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. अखेर एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत त्रिपक्षीय करार झाला आणि हे १९५ जणही मायदेशी गेले. त्या घडीला उपखंडात शांतता हवी होती, बांगलादेशाला मान्यता हवी होती, आणि राजकारणाच्या हिशेबात तो निर्णय समजण्यासारखाही असेल. पण पूर्व बंगालमधल्या मृतांच्या वतीने बोलणारे त्या टेबलावर कोणी नव्हते. खटला हा वाटाघाटीतला एक मोहरा झाला की तो केव्हाही मागे घेतला जातो.

इतर देशांनी काय केले ते पाहिले, तर ही कल्पना हवेतली नाही हे दिसेल. सीरियातला कर्नल अन्वर रसलान २०१४ मध्ये आश्रयासाठी जर्मनीत आला. दमास्कसच्या अल-खतीब तुरुंगात चौकशी विभागाचा तो प्रमुख होता. बर्लिनमधल्या निर्वासितांच्या केंद्रात त्याच्याच राजवटीने तुरुंगात टाकलेले वकील अन्वर अल-बुन्नी राहत होते, त्यांना हा चेहरा ओळखीचा वाटला. पुढे रसलान स्वतःच बर्लिन पोलिसांकडे तक्रार घेऊन गेला, की आपला कोणी तरी पाठलाग करते आहे, आणि त्या ओघात त्याने आपली जुनी हुद्देदारीही सांगून टाकली. एप्रिल २०२० मध्ये कोब्लेंझच्या न्यायालयात खटला सुरू झाला. शंभराहून अधिक दिवस सुनावणी चालली, वाचलेले कैदी साक्षीला उभे राहिले आणि १३ जानेवारी २०२२ रोजी २७ खुनांबद्दल आणि हजारो कैद्यांच्या छळाबद्दल त्याला जन्मठेप झाली. ब्रिटनमध्ये अफगाण टोळीप्रमुख फरियादी झरदाद दक्षिण लंडनमध्ये पिझ्झाचे दुकान चालवत होता. त्याने १९९० च्या दशकात काबूलच्या रस्त्यावर केलेल्या छळाबद्दल आणि ओलीसनाट्यांबद्दल २००५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. कॅनडात टोरांटोत राहणाऱ्या देझिरे मुन्यानेझाला रवांडातल्या वंशसंहाराबद्दल २००९ मध्ये जन्मठेप झाली. या तिघांचे बळी तीन देशांतले होते, खटले चालले ते आरोपीच्या नव्या पत्त्यावर.

यावर पहिला आक्षेप परराष्ट्र धोरणाचा असतो: आपण जगाचे फौजदार कशाला व्हायचे? बेल्जियमचे उदाहरण दिले जाते. त्या देशाने १९९३ च्या कायद्याने जवळपास सगळ्या जगाचे अधिकारक्षेत्र अंगावर घेतले, तक्रारींचा ढीग लागला, परदेशी नेत्यांविरुद्ध अर्ज येऊ लागले आणि अमेरिकेच्या दबावाखाली २००३ मध्ये कायदा छाटावा लागला. उदाहरण खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. ज्यांनी बेल्जियममध्ये कधी पाऊल ठेवले नाही त्यांच्यावरही खटले भरण्याची मुभा, ही त्या कायद्याची चूक होती. आपल्या देशात राहणाऱ्या माणसापुरते अधिकारक्षेत्र घेणे हे जगाचे फौजदार होणे नव्हे. आपल्या शेजारी कोण राहतो याची ती जबाबदारी आहे. ती नाकारणे हीसुद्धा एक भूमिकाच ठरते, कारण मग आपण नकळत आश्रयदाते होतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: अशा माणसाला परत पाठवून द्यावे, नाही तर त्याच्या देशाच्या हवाली करावे. जिथे निष्पक्ष खटला होईल तिथे प्रत्यार्पण हाच उत्तम मार्ग, यात वाद नाही. पण प्रत्यार्पणासाठी कोणी तरी मागणी करावी लागते. ज्या राजवटीने कत्तल करवली, ती आपल्याच कर्नलला शिक्षेसाठी परत मागत नाही. नुसते हद्दपार केले, तर तो एकतर सन्मानाने घरी जातो किंवा तिसऱ्या देशात नवे घर शोधतो. १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात चौतिसावे कलम आहे, त्यानुसार प्रत्यार्पणयोग्य गुन्हा परदेशात कोणीही केला तरी तो भारतात घडल्याचे मानता येते. हे कलम पुरेसे आहे, असे काही जाणकार म्हणतील. शब्द व्यापक आहेत खरे, पण लगतच्या ‘३४ अ’ कलमात खटल्याची वाट परक्या देशाच्या मागणीपासूनच सुरू होते. शिवाय जो गुन्हा आपल्या दंडसंहितेतच नाही, तो या वाटेने आणायचा म्हटला तर त्याचे सुट्या खुनांत तुकडे करावे लागतात. ज्याने स्वतः हत्यार उचलले नाही, फक्त याद्या केल्या आणि हुकूम सोडले, तो अशा तुकड्यांमधून सहज निसटतो. मानवतेविरुद्धचा गुन्हा ही संकल्पना घडवली गेली ती नेमकी अशा माणसासाठी.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. हजारो किलोमीटरवर, पंचवीस वर्षांपूर्वी काय झाले, हे वर्ध्यात किंवा मुंबईत कसे सिद्ध करणार? अडचण मोठी आहे, आणि तिचा अनुभव मुंबईला आहे. १९९९ मध्ये जपानी मालकीचे ‘अलोंड्रा रेनबो’ हे जहाज अॅल्युमिनियमच्या लगडींसह पळवले गेले. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने आणि नौदलाच्या ‘प्रहार’ने पाठलाग करून ते पकडले. इंडोनेशियन आरोपींना २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा नसताना जुन्या कलमांवर खटला उभा करणे किती अवघड असते, हे तेव्हा कळले. त्यानंतर कायदा व्हायला आणखी सतरा वर्षे लागली. पुराव्याच्या साधनांबाबत मात्र आपण मागासलेले नाही. परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष दूरदृश्य यंत्रणेवरून घेता येते, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईच्याच खटल्यात दिला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये डेव्हिड हेडलीने अमेरिकेतून मुंबईच्या न्यायालयासमोर अशीच साक्ष दिली. फिनलंडच्या न्यायालयाने तर गिब्रिल मासाक्वोई या सिएरा लिओनच्या माणसाविरुद्धच्या खटल्यात लायबेरियात जाऊन साक्षी नोंदवल्या आणि २०२२ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला सोडून दिले. अपिलातही तो निर्दोष ठरला. अशा निकालाला कोणी अपयश म्हणेल. मला तो या पद्धतीवरचा विश्वास वाढवणारा वाटतो, कारण आरोपीला सुटण्याची खरी संधी असते तेव्हाच शिक्षेला वजन येते.

चौथा आक्षेप बहुतेक वेळा कुजबुजत केला जातो: उद्या आपल्याच अधिकाऱ्यांना परदेशात धरतील. धोका आहे, पण तो आपण कायदा केल्याने निर्माण होत नाही आणि न केल्याने टळतही नाही. ब्रिटनमध्ये कुटुंबाला भेटायला आलेल्या नेपाळच्या एका कर्नलला २०१३ मध्ये छळाच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा नेपाळचा निषेध कामी आला नाही. खटला चालला आणि तो दोषी न ठरता सुटला. अशा प्रसंगी देशाच्या हाती एकच भक्कम उत्तर असते: आम्ही आमच्या माणसांची चौकशी स्वतः करतो. छळ हा स्वतंत्र गुन्हाच न मानणाऱ्या देशाला ते उत्तर देता येत नाही. निर्वासितांवर संशयाची नजर वळेल, ही भीतीही व्यक्त होते. तिला उत्तर कोब्लेंझमध्ये मिळाले. रसलानला शिक्षा झाली ती इतर सीरियन निर्वासितांच्या साक्षींवर. जल्लाद आणि त्याचा बळी एकाच रांगेत आश्रयाला उभे असतात, तेव्हा कायद्याची गरज सर्वांत आधी बळीला असते.

खरी कायदेशीर मर्यादा वेगळीच आहे, आणि माझ्या दृष्टीने घाईचे कारणही तेच आहे. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाप्रमाणे कृत्य घडले तेव्हा अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच शिक्षा देता येते. त्यामुळे आज केलेला कायदा मागच्या कत्तलींना सहसा पोहोचणार नाही. तेव्हा त्याचा उपयोग काय, असे विचारले जाईल. उपयोग असा की, कायदा ज्या दिवशी अमलात येईल त्या दिवसापासूनची कृत्ये त्याच्या कक्षेत येतील. आणि उशीर झालेल्या प्रत्येक वर्षातली कृत्ये कायमची बाहेर राहतील. या एका बाबतीत विलंब नंतर भरून काढता येत नाही. दहा वर्षांनी कितीही चांगला कायदा केला, तरी या दहा वर्षांतल्या खुन्यांना तो लागू होणार नाही आणि ते इथे राहायला आले तर आपल्याला हात बांधून बसावे लागेल.

कायदा कसा असावा, हे वरच्या अनुभवांतूनच ठरते. गुन्हे चारच असावेत आणि त्यांच्या व्याख्या भारताने मान्यता दिलेल्या किंवा स्वाक्षरी केलेल्या करारांतून आणि प्रचलित आंतरराष्ट्रीय कायद्यातून घ्याव्यात. आरोपी भारतात राहत असावा किंवा इथे सापडलेला असावा, गैरहजेरीत खटला नको. निष्पक्ष न्यायालय असलेला देश मागणी करत असेल तर आधी प्रत्यार्पण. खटल्याची मंजुरी मंत्रालयाच्या मर्जीवर न ठेवता स्वतंत्र अभियोग संचालकाने ठरावीक मुदतीत लेखी कारणांसह द्यावी किंवा नाकारावी आणि नकाराविरुद्ध पीडिताला उच्च न्यायालयात जाता यावे. तपास जिल्हा पोलिसांच्या गळ्यात न मारता राष्ट्रीय तपास यंत्रणेत त्यासाठी छोटे, भाषा जाणणारे पथक असावे. ठाणेदाराचे काम तक्रार नोंदवून साक्षीदाराला सुरक्षित ठेवण्याचे. आणि कमाल शिक्षा जन्मठेप असावी. फाशीची शक्यता असली की युरोपातले देश पुरावा आणि साक्षीदार द्यायला तयार होत नाहीत. अबू सालेमला पोर्तुगालकडून २००५ मध्ये आणताना फाशी न देण्याची हमी आपण दिली होती आणि ती पाळली, त्यामुळेच मुंबईच्या न्यायालयात त्याच्याविरुद्धचे खटले पूर्ण होऊ शकले.

खटले भरलेल्या न्यायालयांवर हा नवा भार कशाला, असे अजूनही कोणी म्हणेल. भार फार नसेल. जिथे असे कायदे आहेत तिथेही खटले मोजकेच होतात. पण संसदेने माल्टाच्या जहाजावरचा सोमाली चाचा आपल्या न्यायालयाच्या कक्षेत आणला आहे. जहाज पळवणाऱ्याला मुंबईत कोठडी आणि गाव जाळणाऱ्याला विदर्भात निवांत घर, हा भेद कोणत्याही तत्त्वात बसत नाही. तो केवळ कायदा लिहायचा राहून गेल्याने टिकून आहे, आणि लिहून संपवता येण्यासारखा आहे.